सही करून बाहेर पडलो, त्याला सहा आठवडे झाले

वाचकाचं पत्र, थोडक्यात

डोंबिवलीहून एका वाचकांनी चार पानी पत्र पाठवलं आहे. वय ४६. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीत ते १९ वर्षं परचेसमध्ये होते, शेवटची सहा वर्षं मॅनेजर. सहा आठवड्यांपूर्वी एका गुरुवारी दुपारी चार वाजता एचआरने केबिनमध्ये बोलावलं. राजीनाम्याचं पत्र टाइप करून तयार होतं. सही केली तर तीन महिन्यांचा पगार आणि चांगलं रिलीव्हिंग लेटर, नाही केली तर काढून टाकल्याची नोंद, असं सांगण्यात आलं. वीस मिनिटांत सही झाली, लॅपटॉप आणि कार्ड जमा झालं, सिक्युरिटीचा माणूस गेटपर्यंत सोबत आला.

घरी फक्त पत्नीला माहीत आहे. ७५ वर्षांचे वडील आणि दहावीतली मुलगी यांना काहीच सांगितलेलं नाही. वडील लालबागच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, होते. १९८२च्या संपात त्यांचं काम गेलं आणि त्या दिवसांबद्दल ते कधी बोलत नाहीत. "त्यांनी ते एकदा भोगलंय, या वयात माझ्यामुळे पुन्हा नको," असं वाचक म्हणतात. म्हणून रोज सकाळी डबा घेऊन ते नेहमीची ८.०६ पकडतात, ठाण्याला उतरतात, तलावपाळीच्या बाकावर आणि ऊन चढलं की एका वाचनालयात बसतात, संध्याकाळी परततात. तीन महिन्यांचा पास या महिनाअखेर संपतो आहे, तो पुन्हा काढायचा का, इथपासून प्रश्न आहेत. नवी नोकरी मिळेपर्यंत हे लपवता येईल का? पीएफ काढून घराचं कर्ज फेडून टाकावं का? मेहुणे म्हणतात तशी वडापावची फ्रँचायझी घ्यावी का? आणि शेवटी, "१९ वर्षांत माझं काय चुकलं?"

उत्तर

नमस्कार.

तुमच्या पत्रात एक ओळ तुम्ही कंसात लिहिली आहे. परतीच्या लोकलच्या दारात उभं असताना मनात नको ते येतं, अशी. आधी त्या ओळीबद्दल बोलू. पीएफ आणि फ्रँचायझी थांबू शकतात.

आजपासून दारात उभं राहू नका. गाडीत आत जागा नसेल तर ती सोडा, पुढची घ्या. आज रात्री जेवणं झाल्यावर पत्नीला ती ओळ जशी लिहिली तशीच सांगा, तिला धक्का बसेल म्हणून सौम्य करू नका. आणि १४४१६ हा क्रमांक फोनमध्ये घालून ठेवा. ती टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुम्हाला सहा आठवडे सलग ताप असता तर तुम्ही डॉक्टरकडे गेला असता. सहा आठवडे झोप नाही, हेही तेवढंच सांगण्यासारखं आहे. याच आठवड्यात जा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, कारण बाकीचे सगळे त्यातून निघाले आहेत. तुमचं काय चुकलं?

मी परळच्या चाळीत वाढले. संप सुरू झाला तो १८ जानेवारी १९८२ला. मी तेव्हा आठवीत होते. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार एकाच वेळी कामाबाहेर गेले. मला सगळ्यात जास्त आठवतो तो थांबलेला भोंगा. आमच्या घरात घड्याळ होतं, पण त्याकडे कोणी बघत नसे, भोंग्यावर सगळं चालायचं. भोंगा थांबला आणि मग दिवसाच्या भलत्या वेळी पुरुष माणसं गॅलरीत दिसायला लागली. अकरा वाजता, तीन वाजता. माझे काका गिरणीच्या त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईत, होते, तेही तिथेच कठड्याला टेकून. पण एक गोष्ट मला मोठेपणी लक्षात आली. "आज घरी कसे?" असं त्यांना कोणीच विचारत नव्हतं. विचारायची गरजच नव्हती. समोरच्या खोलीतला घरी होता, वरच्या मजल्यावरचा घरी होता, वाण्याच्या उधारीच्या वहीत सगळ्यांची नावं होती.

त्या दिवसांचं मला कौतुक करायचं नाही. अनेक घरं तेव्हा मोडली ती पुन्हा उभी राहिली नाहीत, काही माणसं दारूत गेली, बायकामुलं गावी पाठवून पुरुष इथे दोन-दोन वर्षं एकटे राहिले. तुम्हीही आईबरोबर गावी होता, असं तुम्ही लिहिलंय. तो संप रीतसर मागे घेतल्याचंही कोणी कधी जाहीर केलं नाही, तो नुसता विरत गेला. पण त्या उपासमारीतसुद्धा "माझं एकट्याचं काय चुकलं?" हा प्रश्न तुमच्या वडिलांना पडला नसावा. काम का गेलं हे अख्ख्या गिरणगावाला माहीत होतं, आणि सगळ्यांना एकच उत्तर माहीत होतं.

तुमच्या बाबतीत काय झालं पाहा. तुम्हाला एकट्याला बोलावलं. दार लावून घेतलं. वीस मिनिटांत कागद पुरा केला आणि सहकाऱ्यांच्या नजरेला नजर द्यायच्या आत गेटबाहेर काढलं. तुम्हीच लिहिलंय की त्याच आठवड्यात तुमच्या मजल्यावरचे आणखी सात जण गेले, पण ते तुम्हाला दहा दिवसांनी कळलं. तुम्हा आठ जणांना एका दिवशी एका हॉलमध्ये उभं करून सांगितलं असतं तर तुम्ही आठ जण गेटबाहेरच्या टपरीवर चहा प्यायला थांबला असता आणि कंपनीला शिव्या घातल्या असत्या. एकेकट्याला नारळ दिला की प्रत्येक जण घरी जाऊन स्वतःलाच शिव्या घालतो. तुम्हाला जी लाज वाटते आहे ती त्या बंद दारातून आली आहे. तुमच्या कामातून ती आलेली नाही, निदान तुमच्या पत्रात तसं काहीही नाही. शेवटच्या वर्षापर्यंत पगारवाढ झालेली आहे, एकही मेमो नाही.

त्या सात जणांचे नंबर तुमच्याकडे आहेत. या शनिवारी दोघांना तरी फोन करा. काय बोलायचं याची तयारी करू नका.

आता वडील. त्यांना धक्का बसेल म्हणून तुम्ही लपवताय. मला वाटतं, तुमच्या घरात नोकरी जाणं म्हणजे काय हे ज्याला आतून माहीत आहे असा एकच माणूस आहे आणि नेमकं त्याच्यापासूनच तुम्ही लपवताय. ते तेव्हा ३१-३२ वर्षांचे होते. हातात साच्याची कला होती आणि ती दुसरीकडे कुठे चालत नव्हती. पुढे त्यांनी वॉचमनचं काम केलं, भाजीची गाडी लावली, आईने खाणावळ चालवली, हे तुमच्याच पत्रात आहे. ते बोलत नाहीत याचा अर्थ तुम्ही "त्यांना सहन होणार नाही" असा लावलात. कदाचित त्यांना कोणी कधी विचारलंच नसेल. त्या पिढीला आपलं ऐकायला कोणी बसेल असं वाटत नाही, म्हणून ते बोलत नाहीत. आणि ७५व्या वर्षी, मुलगा दोन महिने डबा घेऊन तलावपाळीवर बसत होता हे शेजाऱ्याकडून कळणं हे नोकरी गेल्यापेक्षा त्यांना जास्त लागेल. डोंबिवली-ठाणे रोज इतकी माणसं जातात की कोणी तरी तुम्हाला बाकावर बघणारच. कदाचित आधीच बघितलं असेल.

कसं सांगायचं? रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, दोन वाक्यांत. "बाबा, माझी कंपनीतली नोकरी गेली. सहा आठवडे झाले, तुम्हाला सांगायची हिंमत होत नव्हती." एवढंच. त्यापुढे "काळजी करू नका, बघतोय मी, दोन ठिकाणी बोलणं चालू आहे" अशी पुस्ती जोडू नका. ती जोडली की ते तुम्हाला धीर देण्याऐवजी तुमचाच धीर बघत बसतील. गप्प बसा आणि त्यांना बोलू द्या. पाच मिनिटं काही बोलले नाहीत तरी बसा. मग विचारायचं असेल तर विचारा, "तुम्ही तेव्हा काय केलंत?" हे केवळ बोलणं सुरू करायला म्हणून सांगत नाही. उधारी कशी सांभाळली, कोणाकडे हात पसरायचा नाही हे कसं ठरवलं, घरी दिवसभर बसून डोकं कसं ताळ्यावर ठेवलं, याची उत्तरं त्यांच्याकडे खरंच आहेत आणि ती तुम्हाला आत्ता हवी आहेत.

मुलीला त्याच दिवशी सांगा, दहावीचं वर्ष असलं तरी. पंधरा वर्षांच्या मुलांना घरातलं वातावरण समजतं, फक्त कारण कळत नाही. मग ती कारण स्वतः शोधतात आणि ते बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा भयंकर असतं. आईबाबांचं बिनसलंय, किंवा बाबांना काही आजार आहे. तिला तीन गोष्टी कळायला हव्यात. नोकरी गेली आहे. घराचे हप्ते आणि तिची फी यांची अमुक महिन्यांची सोय आहे. आणि तिने यासाठी वेगळं काही करायचं नाही. "आता तूच आमची आशा" असलं वाक्य चुकूनही नको. परीक्षेचं ओझं तिला पुरेसं आहे.

आणि तुमची पत्नी. चार पानांत तिच्यावर एकच वाक्य आहे. "ती काही बोलत नाही, डबा मात्र रोज भरते." हे वाक्य मी परत परत वाचलं. सकाळी उठून, जिथे जायचं नाही तिथला डबा सासऱ्यांसमोर भरायचा, मुलीसमोर "बाबांना आज उशीर होईल" म्हणायचं, पतपेढीतल्या स्वतःच्या नोकरीवर जाऊन हसून बोलायचं. सहा आठवडे हे नाटक तुमच्यापेक्षा तिला जास्त वेळा करावं लागलं आहे, कारण तुम्ही दिवसभर घराबाहेर असता. तुम्ही तिला विचारलंय का, की तिला हे लपवायचं आहे का? माझा अंदाज आहे की हा निर्णय तुम्ही त्या गुरुवारी रात्री एकट्याने घेतलात आणि तिने तो पाळला. रविवारी बाबांशी बोलण्याआधी शनिवारी तिच्याशी बोला. पैशांची वहीही तिच्यासोबतच उघडा.

आता कागद. इथे जरा घाई हवी.

सही केली म्हणून तुम्ही स्वतःला भित्रे म्हणवता. तयार कागद, बंद दार आणि वीस मिनिटं अशा स्थितीत बहुतेक माणसं सही करतात, म्हणूनच वेळ वीस मिनिटांची दिली जाते. तेव्हा "मला हे घरी नेऊन वाचायचं आहे, उद्या सांगतो" असं म्हणता येतं, आणि ज्यांच्यावर ही वेळ अजून आलेली नाही अशा वाचकांनी हे वाक्य पाठ करून ठेवावं. तुमची सही झाली आहे. तरीही त्या दिवशी काय घडलं, कोण हजर होतं, काय शब्द वापरले, हे तारीखवार लिहून स्वतःच्या खासगी ईमेलवर आजच पाठवून ठेवा. आठवण पुसट होते.

भांडायचं का? राजीनामा दबावाखाली घेतला असं म्हणून दाद मागता येते. पण कामगार कायद्याचं पूर्ण संरक्षण 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांना आहे, आणि तुम्ही माणसं सांभाळत होता, खरेदीचे निर्णय घेत होता. हुद्द्याच्या नावावर ते ठरत नाही, प्रत्यक्ष कामावर ठरतं, त्यामुळे कामगार वकिलाचा एक तासाचा सल्ला घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्यामुळे कोणत्या दारात जायचं आणि मुदत किती, हेही वकिलाकडूनच पक्कं करून घ्या, आणि या महिन्यातच, कारण अशा तक्रारींच्या मुदती मोजक्या असतात. माझं मत विचाराल तर, तुमच्या जागी मी वर्षानुवर्षांचा दावा लढण्यापेक्षा देणं पै-पैने वसूल करीन आणि ताकद पुढच्या कामासाठी ठेवीन. पण हे पत्र वाचणारा कोणी मशीनवर काम करणारा असेल तर त्याला मी हे सांगणार नाही. कपात म्हणून काढलं आणि वर्षभराची सलग सेवा झाली असेल तर त्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळायला हवा. राजीनाम्यावर सही केली की कंपनी याच भरपाईतून सुटते. म्हणून सहीसाठी एवढा आग्रह असतो.

तुमची ग्रॅच्युइटी "प्रोसेसमध्ये आहे" असं एचआर म्हणतंय. ग्रॅच्युइटी पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळते, राजीनामा दिला तरी मिळते, आणि देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यावी लागते. तुमचे ४२ दिवस झाले. हिशेब सोपा आहे: शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. समजा हे वेतन ५२,००० असेल तर वर्षाला ३०,००० आणि १९ वर्षांचे ५ लाख ७० हजार होतात. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त काम झालं असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात. नव्या संहितांमध्ये वेतनाची व्याख्याही बदलली आहे: भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात मोजायचा. म्हणून कंपनीकडून आकडा लेखी मागा, हिशेबासकट. ईमेलला उत्तर आलं नाही तर रजिस्टर्ड पोस्टाने अर्ज, आणि तरीही नाही तर कामगार आयुक्तांचं कार्यालय. उशिराचं व्याजही मागता येतं. हे मागताना संकोच वाटेल, तुमच्या पत्रातून तो दिसतोच. पण हे १९ वर्षांत कमावलेले पैसे आहेत आणि ते फक्त हाती यायचे बाकी आहेत.

रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र, फॉर्म १६ (कापलेल्या आयकराचा दाखला), फुल अँड फायनलचा म्हणजे शेवटच्या हिशेबाचा कागद, मागच्या पगाराच्या पावत्या, सगळं मागून घ्या. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरली आहे का बघा. भरली नसेल तर शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः भरू शकता. आरोग्य विम्याकडे मात्र सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. कंपनीचं ग्रुप कव्हर नोकरीबरोबर संपतं, आणि तुमच्या घरात ७५ वर्षांचं माणूस आहे. ज्या विमा कंपनीचं कव्हर होतं तिच्याकडेच वैयक्तिक पॉलिसीत बदलून मागण्याची सोय असते, त्यात आधी काढलेला प्रतीक्षाकाळ धरला जातो. सहा आठवडे गेले आहेत, त्यामुळे उद्याच फोन करून विचारा. नाही झालं तर नवी पॉलिसी घ्या, पण घराला विम्याशिवाय ठेवू नका.

कर्ज फेडून टाकण्याबद्दल तुम्ही लिहिलंय, "निदान डोक्यावर काही राहणार नाही." ही ओढ मला समजते, आणि तरीही नको म्हणेन. पीएफमधून काढून चौदा लाख बँकेला दिले की ते बँकेचे झाले. सहा महिन्यांनी घरात गरज पडली तर तीच बँक नोकरी नसलेल्या माणसाला ते परत देणार नाही. पीएफवर व्याज चालू राहतं. पैसे काढण्याचे नियमही अलीकडे बदललेत, अर्ज करण्याआधी पोर्टलवरचे आजचे नियम वाचा. आणि पेन्शनच्या भागाला हात लावायचा विषयच नाही, दहा वर्षांपेक्षा जास्त सेवा असल्याने तुम्हाला ५८व्या वर्षापासून पेन्शन मिळायची आहे. त्यापेक्षा असं करा. तीन महिन्यांचा पगार आणि ग्रॅच्युइटी एका वेगळ्या खात्यात ठेवा. घरखर्च, हप्ता, फी, बाबांची औषधं यांची महिन्याची बेरीज पत्नीसोबत बसून काढा. तिचा पगार वजा करा. उरलेल्या आकड्याने खात्यातल्या रकमेला भागलं की तुमच्याकडे किती महिने आहेत ते कळेल. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मला ते वर्षाच्या पुढे दिसतात. रात्री तीन वाजता डोक्यात जो हिशेब चालतो त्यात हे महिने नसतात, म्हणून ते कागदावर लिहून कपाटाच्या आत चिकटवा. पुढे हप्त्याची ओढाताण होणार असं दिसलं तर हप्ता चुकण्याआधी बँकेत जा. ९० दिवस थकलेलं खातं बुडीतात मोडतं आणि मग बोलणी अवघड होतात.

ज्यांचा पगार दरमहा २१,०००पर्यंत होता आणि ईएसआयसी (कामगार राज्य विमा) कापली जात होती, त्यांनी अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेची, ती सध्या चालू आहे का याचीही, ईएसआयसीच्या शाखेत चौकशी करावी. नोकरी गेल्यावर ९० दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या निम्मी मदत त्यात ठेवलेली आहे. अनेकांना हे माहीतच नसतं.

फ्रँचायझी नको. मेहुण्यांचं मन चांगलं असेल, पण पहिल्या सहा महिन्यांत मोठी रक्कम एका वेळी कुठेही घालायची नाही, हे मी याआधीही अनेकांना सांगितलंय. आत्ता तुम्हाला वडापाव विकायचा आहे की "मी काही तरी करतोय" असं लोकांना सांगायचं आहे, हे तुमचं तुम्हालाही कळणार नाही. खरंच आवड असेल तर कोणाच्या तरी गाडीवर दोन महिने उभे राहा आणि मग बघा.

कामाबद्दल मला तुमच्या पत्रात एक विचित्र गोष्ट दिसली. तुम्ही नोकरीच्या पोर्टलवर दीडशे अर्ज केलेत आणि एकाही सप्लायरला फोन केला नाही, कारण "ज्यांच्याशी ताठ मानेने भाव केला त्यांच्याकडे कसं जाऊ?" १९ वर्षं परचेसमध्ये असलेल्या माणसाची खरी कमाई कोणती? अंबरनाथचा फॅब्रिकेटर, तळोज्याचा केमिकलवाला, तारापूरचा पॅकेजिंगवाला, यांच्यातला कोण वेळेवर माल देतो आणि कोण थापा मारतो हे तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्ही बिलं अडवून ठेवणारे होता की सोडणारे, हे त्यांना माहीत आहे. छोट्या कारखान्यांना पूर्णवेळ परचेस मॅनेजर परवडत नाही, पण आठवड्यातले दोन दिवस येऊन खरेदीची घडी बसवून देणारा माणूस हवा असतो. असे दोन-तीन कारखाने मिळाले तर ते काम आहे, नोकरी मिळेपर्यंतचं किंवा कदाचित नोकरीऐवजीचं. जुन्या कंपनीचे दर आणि कागद मात्र कुठेही वापरू नका. फोनवर खरं सांगा: "कंपनीने माणसं कमी केली, त्यात मी होतो. तुमच्याकडे किंवा तुमच्या ओळखीत काही असेल तर कळवा." मुलाखतीतही हेच, यापेक्षा लांब नाही. आणि नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्या कोणालाही पैसे देऊ नका. या दिवसांत असे फोन जास्त येतात. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

आता रोजचा दिवस. वाचनालयात बसता पण पान उलटत नाही, याची तुम्हाला लाज वाटते. व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं एक गाव आहे, तेही गिरणीचंच. १९३०च्या सुमारास गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोदा ही समाजमानसशास्त्रज्ञ आणि तिचे सहकारी यांनी तिथल्या लोकांचे दिवस कसे जातात हे टिपून ठेवलं. माणसांना आता वेळच वेळ होता, पण वाचनालयातून नेलेल्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आली. पुरुष रस्त्याने चालतानाही हळू चालू लागले, मध्येच थांबू लागले. बायका तशा थांबत नव्हत्या, कारण स्वयंपाक, धुणं, मुलं यांच्या वेळा सुटल्या नव्हत्या. तुम्ही आळशी झालेले नाही. दिवसाला खुंटी उरली नाही की सगळ्यांचं असंच होतं. तेव्हा सकाळी नऊ ते बारा फोन, अर्ज आणि कागद, घरातल्याच टेबलावर. दुपारनंतर घरातली दोन कामं कायमची तुमच्या नावावर, नुसती मदत म्हणून नाही. बाबांची औषधं आणि बाजार घ्या हवं तर. संध्याकाळी मुलीचं गणित.

पासाचं विचारलंत. तीन महिन्यांचा नका काढू. ज्या दिवशी कोणाला भेटायचं असेल त्या दिवशी तिकीट काढून जा.

आणि सोमवारी डबा भरू नका म्हणून पत्नीला सांगा. दुपारचं बाबा एकटेच जेवतात, असं तुम्ही तिसऱ्या पानावर सहज लिहून गेलात. सोमवारी दोन ताटं घ्या.